पंगतीतून कोण उठलं नाही

मशीनमधून साडीचा पहिला हातभर तुकडा बाहेर आला आणि कानबाईचं तोंड थेट खालच्या काठावर निघालं. एक नाही, ओळीने निघालं. नेसणारीच्या पायांना प्रत्येक पावलाला देवीचं नाक घासावं, अशा बेताने.

"जवाई, हाई काय शे?" मंगलाबाईंनी विचारलं.

धर्मेंद्रने आधी मशीन थांबवलं. बमरोलीच्या त्या छपाईच्या कारखान्यात कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळण्याचं काम तो करायचा, आणि मंगलाबाई या त्याच्या सासूबाई; तो त्यांना मामी म्हणायचा. त्या लिंबायतहून मुद्दाम रिक्षाने आल्या होत्या. मशीनला हळदकुंकू लावायचं आणि पहिली साडी डोळ्यांदेखत उतरवून घ्यायची, एवढ्यासाठीच.

या साड्या साध्या नव्हत्या. गेल्या वर्षी योगिता, म्हणजे मंगलाबाईंची मुलगी आणि धर्मेंद्रची बायको, दवाखान्यात पडली होती. डॉक्टरही नीट बोलेनासे झाले तेव्हा मंगलाबाईंनी तिथल्याच बाकावर पदर पसरून नवस बोलला होता : पोर उठून घरी आली, तर कानबाईच्या मिरवणुकीत गल्लीतल्या सगळ्या बाया एकसारखी साडी नेसतील. पोर उठली. कामावरही परत गेली. सचिन नावाच्या गावात कारखान्याचं ऑफिस होतं, तिथे ती डिझाइन करायची; म्हणून साडीचं चित्र तिनेच काढलं. आता उद्याचा दिवस गेला की कानबाई बसणार होती. छपाईचं सगळं धर्मेंद्रने छातीवर हात ठेवून अंगावर घेतलं होतं. "मामी, तुम्ही फक्त देवीचं बघा. साड्या माझ्याकडे लागल्या," असं तो चार लोकांत बोलून बसला होता.

योगिताच्या पहिल्या चित्रात देवी काठावर होती, हे खरं. मंगलाबाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला होता. मग तिने देवी पदरावर नेली. तर, "पदरले बाया पोरंसनं नाक पुसतस," म्हणून तेही नापास झालं. शेवटी देवीला साडीतून सन्मानाने रजा मिळाली आणि काठावर गव्हाच्या ओंब्या आल्या. हे सगळं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. मग देवी पुन्हा काठावर आली कुठून?

धर्मेंद्रने योगिताला फोन लावला.

"तू डिझाइन बदललंच नाहीस का?"

"अहो, काय बोलताय? माझ्यासमोर उघडंय. ओंब्याच आहेत."

"माझ्यासमोर पण उघडंय. देवी आहे."

"मग तुमच्याकडेच काहीतरी लोचा आहे."

नवराबायकोच्या भांडणात सहसा दोघंही थोडे थोडे चूक असतात. इथे दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच धर्मेंद्रने फोन ठेवला. घोळ कुठे आहे, ते त्याच्या लक्षात आलं.

खरी डिझाइन्स सचिनच्या सर्व्हरवर असायची. बमरोलीपर्यंतची इंटरनेटची लाईन रडतखडत चालायची, म्हणून एकदा आलेल्या फाइलची प्रत इथल्याच डिस्कवर ठेवून घ्यायची सोय त्याने केली होती. पुढच्या वेळी मशीनला ही जवळचीच प्रत मिळायची. आता कोणत्याही शहाण्या माणसाने मूळ फाइल बदलली का, हे अधूनमधून सचिनच्या सर्व्हरला विचारायची व्यवस्था ठेवली असती. तशी ती होतीही. पण त्या विचारपुशीत वेळ जातो म्हणून धर्मेंद्रने ती स्वतःच्या हाताने बंद केली होती आणि त्याबद्दल शेठकडून शाबासकीही घेतली होती. आता ती जुनी प्रत आठवड्याभराच्या शिळ्या भातासारखी पुढ्यात आली होती.

उपाय सोपा होता. सचिनचं ते फोल्डर अनमाउंट करायचं, म्हणजे इथून उतरवायचं, जुनी प्रत पुसायची आणि पुन्हा चढवायचं. त्याने कमांड दिली. उत्तर आलं : 'बिझी'. पुन्हा दिली. बिझी.

"काय म्हनस ते?" मंगलाबाईंनी विचारलं. त्यांनी तो हातभर तुकडा ओंजळीत धरला होता. देवीचं तोंड असलेलं कापड जमिनीवर ठेवायचं कसं?

"मामी, हे उतरत नाही. कुणीतरी आत आहे अजून."

"आत म्हंजे?"

धर्मेंद्रने डोकं खाजवलं. "पंगतीत एक जरी माणूस जेवत असला तर पाट उचलता येतात का?"

"राम राम! कशे उचलतीन?"

"तसंच. या फोल्डरमध्ये कुणीतरी बसलंय. ते उठल्याशिवाय उचलता येणार नाही."

मंगलाबाईंना हे ताबडतोब पटलं. त्यांना इतकं पटलं की धर्मेंद्रला जरा बरंही वाटलं.

आत कोण बसलंय हे सांगणारी कमांडही होती. तिने प्रामाणिकपणे नाव सांगितलं : 'प्रिंट'. आता सगळ्या कारखान्याचं लॉगिन 'प्रिंट' हेच होतं. प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचा कंटाळा कुणी केला होता, हे सांगायला नको. सर्व्हरच बंद करून चालू करावा, तर बाकीच्या मशीनवर शेठचं दुसरं कापड अर्ध्यावर होतं.

तो उठला आणि एकेका कॉम्प्युटरपाशी गेला. चेकिंगच्या ताराबाईंनी सगळं बंद करून दाखवलं. रंग जुळवणाऱ्या संदीपने आईची शपथ घेतली. एवढ्यात मागून खर्रर्र आवाज आला. मशीन चालवणारा प्रवीण यवतमाळकडचा, मनाने निर्मळ. तो चहा पिऊन आला होता आणि मशीन थांबलेलं पाहून त्याने ते चालू करून दिलं होतं.

"अरे, बंद कर! बंद कर!"

"मले वाटलं झालं तुमचं, भाऊ," प्रवीण म्हणाला. तोवर दोन साड्यांचं कापड बाहेर आलं होतं आणि काठावरून देव्यांची रांगच्या रांग खाली उतरत होती.

"माय, माफ करजो!" म्हणत मंगलाबाई धावल्या आणि त्यांनी ते ओलं कापड दोन्ही हातांवर झेलून घेतलं. मग त्या गरजल्या, "चपला काढा सगळा!"

शेडमधल्या सगळ्यांनी चपला काढल्या. संदीपने टोपीही काढली. निळी, गुलाबी शाई सांडलेल्या फरशीवर धर्मेंद्र अनवाणी जागेवर परतला, खुर्चीत बसला आणि त्याने पुन्हा कमांड दिली. बिझी.

दवाखान्यातला तो बाक त्याला आठवला. त्या रात्री तोही त्याच बाकावर होता. त्याला नवस बोलता आला नव्हता, तो नुसता मोबाईलकडे बघत राहिला होता. या साड्या म्हणजे त्याचाही राहिलेला नवसच होता, पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच.

"आजून कोनी उठना नही का?" मंगलाबाई म्हणाल्या आणि हातांवर देवी घेऊन शेडच्या मधोमध उभ्या राहिल्या. "कोन बठेल शे? उठा, भाऊस्वन! मनी पोरना नवस शे!"

त्या आवाजापुढे कोण बसून राहणार? ताराबाई उठल्या. संदीप उठला. घडी घालणारी माणसं उठली, जिन्यावर डबा खाणारा वॉचमन डबा हातात घेऊन उठला. राष्ट्रगीत लागावं तसे सगळे ताठ उभे होते. बसलेला एकच माणूस होता.

मंगलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "जवाई, तुम्हीच बठेल शेतस."

"मामी, तसं नसतं हो ते..." म्हणत धर्मेंद्र नाइलाजाने उठला. उठताना त्याच्या कोपराचा धक्का माउसला लागला, पडद्यावरची पुढची खिडकी बाजूला सरकली आणि तिच्यामागे दडलेली दुसरी काळी खिडकी दिसली. बायकोच्या चित्राच्या फाइलचं नुसतं नाव कौतुकाने बघायला तो सकाळी त्या फोल्डरमध्ये शिरला होता. बघून झालं होतं. बाहेर पडायचं राहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या कारखान्याला अनवाणी उभं करून हा गृहस्थ स्वतःच पंगतीत बसून होता.

त्याने ती खिडकी गुपचूप बंद केली आणि कमांड दिली. फोल्डर उतरलं. प्रत पुसली, फोल्डर पुन्हा चढवलं, आणि मशीनमधून सोनेरी ओंब्यांचा काठ बाहेर येऊ लागला.

"कोन व्हतं?" मंगलाबाईंनी विचारलं.

"होतं कुणीतरी," धर्मेंद्र म्हणाला. मंगलाबाईंनी एकदा त्याच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

कानबाई बसली. गल्लीतल्या बाया एकसारख्या साड्या नेसून आल्या. पण जो तो मान वर करून बघत होता. देवीचं कापड फेकता येत नाही, नेसता येत नाही, म्हणून मंगलाबाईंनी ते छत म्हणून देवीच्या डोक्यावर ताणलं होतं. सगळ्यांच्या माथ्यावर देव्यांची रांग होती.

"मना जवाईनी आयड्या," त्या प्रत्येकीला सांगत होत्या. "मुद्दाम छापी लयना."

धर्मेंद्रने खुलासा करायला तोंड उघडलं, तेव्हा योगिताने त्याच्या पानात पुरणपोळी वाढली. "गप्प जेवा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पण गप्प बसवेना. शेजारच्या पाटावर सासरे निंबामामा होते. फुकटच्या कौतुकाचं ओझं उतरवावं म्हणून त्याने निंबामामांना, जवळची प्रत म्हणजे काय, इथपासून खरी हकीकत सांगायला घेतली. मामा मान हलवत ऐकत होते. मग मामा उठले. त्यांच्या पलीकडचे उठले. आरतीसाठी देवीपुढची जागा मोकळी करायची होती, बाया पाट उचलायला येऊन थांबल्या होत्या. धर्मेंद्रच्या पानात अर्धी पोळी तशीच होती.

मंगलाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा वरच्या छताकडे पाहिलं आणि एकदा जावयाकडे.

"कोन बठेल शे," त्या हळूच म्हणाल्या, "हाई मी आज बी इचारत नही."