रकाना क्रमांक चौदा : स्केटिंग रिंक

श्रीरंग धुमाळची पुण्याला बदली झाली. नऊ वर्षं दिल्लीत काढल्यावर आणि चौदा अर्ज केल्यावर झाली. हुकूम निघाला, सही झाली, शिक्का बसला, आर. के. पुरममधल्या त्याच्या ब्लॉकात सोळा घरी पेढेसुद्धा वाटून झाले. आता हे सगळं झालंच नाही असं समजायचं. श्रीरंग तसंच समजतो. सरकार तर केव्हापासून तसंच समजतंय. ज्यांनी पेढे खाल्ले त्यांनीही कृपया तसंच समजावं.

तर, एशियाडचं वर्ष होतं. मे महिना. अख्खी दिल्ली खणून ठेवलेली. ज्याच्या दारासमोर खड्डा नाही, त्याला आपलं सरकारदरबारी वजन कमी पडलं असं वाटायचं! श्रीरंगला मात्र दिल्लीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. शुक्रवारची झेलम एक्सप्रेस, तीन बर्थ, रिझर्व्हेशन पक्कं. बायकोने, म्हणजे कुमुदने, गाद्या गोणपाटात शिवून टाकल्या होत्या. कूलर खालच्या मजल्यावरच्या नायरबाईंना देऊन टाकला होता. मेमध्ये कूलर देऊन टाकणं म्हणजे परतीचे दोर कापणंच.

"अहो, ऑफिसातलं सगळं आवरलं ना?" कुमुद रोज विचारायची.

"आवरलं. एक प्रोफॉर्मा तेवढा राहिलाय. लंच टाइममध्ये भरून टाकतो."

हा प्रोफॉर्मा म्हणजे प्रत्येक सेक्टरात खेळाच्या आणि व्यायामाच्या जागा किती, त्याची माहिती. एकूण अठरा रकाने, सगळे इंग्रजीत. स्टेडियम, कोर्ट, पिच, ट्रॅक, रिंग, रेंज, पूल, जिम्नॅशियम, व्हेलोड्रोम, गोल्फ कोर्स... इंग्रजाने खेळ थोडे शोधले आणि खेळायच्या जागांना नावं मात्र बारशाच्या उत्साहात ठेवली! सेक्टरात प्रत्यक्षात होतं एक मैदान. त्यात एक कडुलिंबाचं झाड, झाडाखाली एक बाक, कोपऱ्यात जमिनीलगत पाण्याची उघडी, गळकी टाकी. आणि "मैदान" असा रकानाच नव्हता.

दुसरा कोणी असता तर अठरा वेळा "निरंक" लिहून मोकळा झाला असता. पण श्रीरंगला खात्याचा नऊ वर्षांचा अनुभव होता.

"रकाना रिकामा सोडला की कारण विचारतात," त्याने शेजारच्या टेबलावरच्या सूर्यकांतला समजावलं. "कारण दिलं की खुलासा मागतात. खुलासा दिला की फाइल उघडते. फाइल उघडली की रिलीव्ह करत नाहीत. आणि भरलेला रकाना? तो आजवर कोणी वाचलेला नाही!"

"यार, पण खोटं कसं लिहिणार?"

"खोटं कशाला? डिक्शनरी आण."

आणि डिक्शनरी शेजारी ठेवून श्रीरंगने अत्यंत प्रामाणिकपणे प्रोफॉर्मा भरला. मुलं मैदानाला चकरा मारतात, म्हणून ट्रॅक एक. दूधवाला सकाळी सायकलवरून त्याच मैदानाला वळसा घालतो, म्हणून व्हेलोड्रोम एक. टाकीत म्हशी बसतात, तेव्हा पूल एक, कंसात "उथळ". पडक्या झोपाळ्याचा लोखंडी दांडा उरला होता, ते जिम्नॅशियम. गोल्फ कोर्सला अठरा भोकं लागतात असं डिक्शनरी म्हणत होती. घुशींनी मैदानात तेवीस केली होती. श्रीरंगने अठराच लिहिली. उगाच फुगवून सांगायचं नाही!

चौदावा रकाना आला, स्केटिंग रिंक. क्षणभर पेन थांबलं. मग त्याला टाकीलगतची जागा आठवली. टाकी गळून गळून तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर असं हिरवंगार शेवाळ धरलं होतं की सेक्टरातला प्रत्येक कर्ता माणूस तिथे निदान एकदा आडवा झाला होता. श्रीरंगने लिहिलं, "एक. चालू स्थितीत."

सोमवारी साहेबांचा फोन आला.

"धुमाळ, कमाल केलीत! सगळ्या सेक्टरांनी निरंक पाठवलं. आपल्या एकट्याकडे अठराच्या अठरा! वर फार खूश आहेत. उद्या दहा वाजता मुख्य कार्यालयातले भसीन साहेब स्वतः बघायला येतायत."

"काय बघायला, सर?"

"सगळंच! विशेषतः रिंक."

श्रीरंगच्या पोटात गोळा आला. साधासुधा नाही, गोळाफेकीतला! खोटी माहिती पुरवणे. चौकशी. चौकशी चालू असताना बदली रद्द. झेलमचे तीन बर्थ रिकामे चाललेत आणि आपण फलाटावर उभे आहोत, असं चित्र त्याला दिसायला लागलं.

घरी आला तर कुमुद शेवटचं पोतं शिवत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने सुई पोत्यात खुपसली.

"काय केलंत हे! आई हडपसरला खोली सारवून बसल्यात. मी कूलर देऊन बसलेय!"

"बाबा," त्यांची लेक अहिल्या म्हणाली. तिची शाळा पहिलीपासून दिल्लीची, त्यामुळे तिचं मराठी अधूनमधून बस बदलायचं. "तुम्ही खरं खरं बोलून टाका ना. ज्यादासे ज्यादा काय होईल?"

"तू अकरावीही इथेच शिकशील."

"अच्छा! मग नको बोलू."

शेवटी कुमुदने आपल्या भावाला बोलावलं. सुभेदार बळवंत, दिल्ली कँटोन्मेंट, मूळचा साताऱ्याकडचा. फौजेत एक सोय असते, कुठलाही प्रश्न तिथे चुन्याने सुटतो. बळवंत दोन जवान आणि चार पोती चुना घेऊन संध्याकाळी हजर झाला. मैदानाला एक फेरी मारली आणि मिशीवर हात फिरवला.

"दाजी, मैदानाला फाटकं किती?"

"चार. चारही बाजूंना."

"मग झालं की! साहेबाला एका फाटकानं आत आणायचा, बाहेर काढायचा, मोटारीतनं ब्लॉकांमधनं भोवंडायचा, नि दुसऱ्या फाटकानं परत हितंच आणायचा. तवर आमी पाट्या बदलतो, चुना मारतो. चार जागा दावल्या की साहेब दमतोय. आमच्या कर्नलसायबाचं इन्स्पेक्शन असंच हुतंय!"

"आणि ओळखलं तर?"

"वळखायला हाय काय त्यात? माती!"

अहिल्येने प्लायवूडवर सुरेख इंग्रजी अक्षरांत पाट्या रंगवल्या. एकच अडचण उरली. लिंबाखालच्या बाकावर काकासाहेब बसायचे. रिटायर्ड हेडक्लार्क, मुलाकडे राहायचे, रोज नऊ ते बारा पेपर वाचायचे. श्रीरंगने हात जोडून विनवलं, "काकासाहेब, उद्याचा दिवस घरी वाचता का पेपर?"

"का बरं? बारा वर्षं इथे बसतोय. आणीबाणीतसुद्धा मला कोणी उठवलं नाही. तू कोण लागून गेलास?"

मंगळवारी दहाला पांढरी अॅम्बॅसेडर आली. भसीन साहेब उतरले. उंच, धिप्पाड, पांढरा सफारी, चेहरा सीलबंद टेंडरासारखा. श्रीरंगचा शर्ट तोवर पाठीला असा चिकटला होता की पूल बघायला टाकीपर्यंत जायची गरज नव्हती.

पहिल्या फाटकातून ट्रॅक बघितला. चुन्याच्या रेघा, दोन जवान पळतायत, सगळं झकास. भसीन साहेबांनी वहीत टिक केली. "वो बुज़ुर्ग कौन हैं?"

"सर, वो... टाइमकीपर."

मोटार दोन ब्लॉक फिरून दुसऱ्या फाटकाशी आली. आता पाटी टेनिस कोर्टची. मधोमध जाळं म्हणून श्रीरंगच्या आईचं इथे राहून गेलेलं नऊवारी लुगडं ताणून बांधलेलं, काठासकट! पलीकडे मघाचेच दोन जवान, धापा टाकत, हातात बॅडमिंटनच्या रॅकेटी. आणि बाकावर काकासाहेब.

भसीन साहेब झाडाकडे बघत राहिले. "यहाँ भी नीम?"

"जी सर. हर जगह एक नीम. सरकारी प्लॅन में है."

"और ये बुज़ुर्ग?"

"अंपायर, सर."

"टाइमकीपर जैसे दिखते हैं."

"भाई हैं, सर. जुड़वाँ."

श्रीरंगने मनातल्या मनात शुक्रवारपर्यंतचे तास मोजले. बहात्तर! बहात्तर तास जीभ अशीच चालली, तर आपल्याला पुण्याला न्यायला रेल्वे नको, अॅम्ब्युलन्स लागेल.

तिसरं फाटक, गोल्फ कोर्स. अठरा भोकांशेजारी अठरा काठ्या, काठ्यांना नीट शिवलेले झेंडे. ते कुमुदच्या हिरव्या ब्लाउजपिसांचे आहेत हे श्रीरंगला लांबूनच कळलं. सातव्या भोकातून एक घूस बाहेर आली, तिने भसीन साहेबांकडे बघितलं आणि आठव्यात शिरली. भसीन साहेबांनी तेही वहीत लिहिलं. मग सरळ बाकाकडे गेले.

"बाबूजी, आप कितने भाई हैं?"

काकासाहेबांनी पेपर खाली केला. "मैं अकेला हूँ. सुबह से यहीं बैठा हूँ. जगह बदल रही है!"

लांब उभ्या बळवंतने टोपी काढून हातात घेतली. फौजेत हे कोणी गेल्यावर करतात.

भसीन साहेबांनी वही मिटली. चौथ्या फाटकाकडे ते मोटारीतून गेलेच नाहीत. मैदान तिरपं ओलांडून, लुगडं वाकून चुकवत, तडक टाकीकडे निघाले. तिथे पाटी होती, "स्केटिंग रिंक". खाली हिरवं शेवाळ उन्हात चमकत होतं. श्रीरंग मागून धावत होता. आता संपलं. कुमुद मैदानाच्या कुंपणापलीकडे पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्याकडे बघून त्याने ठरवलं, सांगून टाकायचं. चौकशी झाली तर झाली.

"सर, एक बात कहनी थी. ये रिंक जो है..."

"बर्फ कहाँ है?" भसीन साहेब गरजले आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

मग जे झालं ते सेक्टरात आजही लोक उभं राहून करून दाखवतात. भसीन साहेब पडले नाहीत. नव्वद किलोंचा तो माणूस उभ्याचा उभा निघाला! दोन्ही हात पसरलेले, सफारी फडफडतेय, पंधरा फूट सरळ. मधेच स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली, एक पाय हवेत उचलला आणि ओट्याच्या टोकाला, टाकीचा पाइप धरून, अलगद थांबले. टाकीतल्या म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या.

श्रीरंगने डोळे मिटले. आता निलंबन.

"शिमला..." भसीन साहेबांचा आवाज आला. ओला, कापरा. "धुमाळ! उन्नीस सौ पचपन! शिमला! मैं कॉलेज का चॅम्पियन था! सत्ताईस साल, यार... सत्ताईस साल से किसी ने मुझे फिसलने नहीं दिया!"

आणि ते वळले आणि परत घसरत आले. स्वखुशीने. मग आणखी दोनदा.

तासाभराने जाताना त्यांनी श्रीरंगला मिठी मारली. "बाकी सब बकवास है. वो मैंने काट दिया. लेकिन ये रिंक! बिल्कुल असली!"

म्हणजे वाचलो! श्रीरंग उड्या मारतच घरी गेला. कुमुदने देवापुढे साखर ठेवली. बळवंतने उरलेला चुना आणि मिशी, दोन्ही झटकलं. काकासाहेबांची तेवढी तक्रार होती की आपल्याला अंपायर म्हणाले ते लेखी द्यावं.

गुरुवारी दुपारी कागद आला. संपूर्ण राजधानी क्षेत्रातली एकमेव स्केटिंग रिंक ताबडतोब सरकारी नोंदवहीत घेण्यात आली होती. तिचे प्रभारी अधिकारी म्हणून, या विषयाचे एकमेव जाणकार श्री. श्रीरंग धुमाळ यांची नेमणूक झाली होती. सबब, त्यांची पुण्याची बदली लोकहितार्थ स्थगित. रिंकचा ताबा दुसऱ्या अधिकाऱ्याला दिल्याशिवाय त्यांना सोडता येणार नाही. खाली भसीन साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "ऐसे आदमी को दिल्ली कैसे छोड़ दे?"

कुमुद गोणपाटातल्या गादीवर बसली. तिची शिवण उसवायला लागली. मग म्हणाली, "नायरबाईंकडून कूलर परत आणा. मी मागणार नाही. तुम्ही मागा."

"अगं, ताबा द्यायचा एवढंच आहे! कोणाला तरी देऊन टाकतो."

त्याने सूर्यकांतला विचारलं. सूर्यकांत तयार झाला. दोघे टाकीपाशी गेले, ताब्याच्या कागदावर सही करायला सूर्यकांतने पेनही उघडलं. मग त्याने श्रीरंगने भरलेली यादी वाचली. 'रिंक, एक. बर्फ, अंदाजे चारशे चौरस फूट.'

"श्रीरंग, यार, बर्फ कुठे आहे?"

"तो रकाना रिकामा कसा सोडणार होतो!"

सूर्यकांतने पेन बंद केलं. त्यानंतर सात जणांनी बंद केलं. झेलम रोज जाते. श्रीरंग दर महिन्याला बर्फाच्या स्थितीचा अहवाल पाठवतो, त्यात "समाधानकारक" असं लिहितो, आणि भसीन साहेब दर मंगळवारी सकाळी घसरायला येतात. अहिल्या अकरावीला इथेच गेली. शेवटी श्रीरंगने पंधरावा अर्ज केला, तो असा :

"महोदय, सदर रिंकचा ताबा घेण्यास संबंधित अधिकारी बर्फ प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तयार होत नाहीत. तरी सोबतच्या मोजमापाप्रमाणे चारशे चौरस फूट बर्फ एक दिवसापुरता पुरवण्यात यावा. ते शक्य नसल्यास दिल्लीतील एप्रिल ते सप्टेंबर हे महिने लोकहितार्थ स्थगित करून, टाकीतील पाणी आपोआप गोठेल अशी व्यवस्था करावी, व अर्जदारास त्यानंतरच्या पहिल्या झेलमने पुण्यास जाण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."