चन्नप्पाच्या कॅमेऱ्यातला चारशे तेरावा

सिद्धराम कोरेनं आयुष्यात फारसे निर्णय घेतले नव्हते. घाऊक औषधांच्या दुकानात बिलं करणाऱ्याला ते घ्यावे लागत नाहीत. निर्णय डॉक्टर घेतात, गोळ्या पेशंट घेतो. पण यंदाच्या एप्रिलात, सोलापूरचा पारा बेचाळीसवर असताना, त्यानं एक निर्णय घेतला: फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचा. जुना का असेना.

"फुल फ्रेम म्हणजे?" त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, शेंगा सोलता सोलता विचारलं.

"आतला सेन्सर मोठा असतो. अंधारातसुद्धा लख्ख फोटो येतो."

"अंधारात कुणाचा फोटो काढायचाय तुमाला?"

शेवटी तिनं चाळीस हजारांची हद्द आखून दिली आणि त्या हद्दीत पंधरा दिवस शोधून दोनच कॅमेरे सापडले. पहिला श्रीशैलचा. हा श्रीशैल लग्नांचे फोटो काढायचा. त्याच्या कॅमेऱ्यानं दोन लाखांच्या वर फोटो काढलेले होते. बटणांच्या फटीत हळद बसली होती आणि शटर दाबलं की आतून कुणीतरी दमून उसासा टाकायचं.

"लई गुणी हाय," श्रीशैल म्हणाला. "साडेसहाशे लग्नं लागली ह्याच्यासमोर. एक मोडलं न्हाय."

(मोडलेली माणसं फोटोग्राफरला कळवतात की काय, असं सिद्धरामच्या ओठावर आलं होतं. पण तो ओठावर आलेलं तिथंच ठेवणारा माणूस.)

दुसरा कॅमेरा अक्कलकोटचा, चन्नप्पा नावाच्या म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याचा. तेच मॉडेल, पाच हजारांनी स्वस्त, आणि अकरा वर्षांत शटर उघडलं होतं फक्त चारशे बारा वेळा. कुणाही शहाण्यानं विचारलं असतं की बाबा, अकरा वर्षं स्टुडिओ चालवून चारशे बाराच फोटो कसे? सिद्धरामनं नाही विचारलं. स्वस्त वस्तूला प्रश्न विचारले की ती महाग होते, असं त्याचं मत होतं.

तो गेला तेव्हा भर दुपार होती. गल्लीत कुत्रंसुद्धा हललं नाही. स्टुडिओचं शटर अर्धं खाली होतं, त्याखालून वाकून आत जावं लागलं. आत पंखा नव्हता, कूलर नव्हता, तरी अंगावर काटा यावा असा गारवा होता. भिंतीवर एकही फोटो नव्हता. एक निळा पडदा होता, आणि त्यापुढं एक लाकडी खुर्ची. तिचे हात माणसांनी धरून धरून गुळगुळीत झाले होते.

"बर्री, कूड्री," या, बसा, असा कोपऱ्यातून कानडी आवाज आला. चन्नप्पा तिथं आधीपासूनच बसलेला होता. "आकडा खरा हाय का बघायचं तर ताजा एक फोटो काढाय लागतो. बसा की."

सिद्धराम बसला. चन्नप्पानं खुंटीवरचा काळा कोट काढून त्याच्या अंगात चढवला. ओल्या फणीनं त्याचे केस बसवले आणि न विचारताच कपाळाला गंध लावलं. जुन्या लोकांचा पाहुणचार वेगळाच, असं सिद्धरामला वाटलं. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"हनुवटी वर. हसू नका, हसलेला फोटो पुढं बरा दिसत न्हाय. नजर माझ्या डोक्याच्या जरा वर."

"वर काय आहे?"

"काय न्हाय. पण सगळे तितंच बघतात."

खट्ट आवाज झाला. चन्नप्पानं लगेच काचेवर झाकण बसवलं.

"अजून एक काढता? डोळे मिटले असतील."

"एका माणसाचा एकच काढतो मी. दुसरा लागत न्हाय."

काय हा आत्मविश्वास, म्हणून सिद्धराम खूश झाला. मोबाइलवर आकडा तपासला तर चारशे तेरा. त्यानं पैसे मोजले आणि कॅमेरा पोटाशी धरून एसटीत बसला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं कॅमेरा चालू केला. चन्नप्पाचं मेमरी कार्ड आतच राहिलं होतं. पुसून टाकण्याआधी बघू तरी म्हणून तो बटण दाबून मागं मागं जाऊ लागला. एक म्हातारी, त्याच खुर्चीत, त्याच पडद्यापुढं. तिच्याआधी फेट्यातला एक म्हातारा, अंगात काळा कोट. त्याच्याआधी आणखी एक, तोच कोट, खांद्यावरून उतरलेला. मूल नाही, लग्न नाही, बैलजोडी नाही. एका फोटोत एक माणूस, आणि एका माणसाचा एक फोटो. कुणी हसत नव्हतं आणि सगळे त्याच्या डोक्याच्या जरा वर बघत होते. सिद्धरामनं वर पाहिलं. वर पंखा होता.

मग एका फोटोवर त्याचा अंगठा थांबला. ते वैजयंतीचे काका होते, आण्णा. दिवाळीआधी गेलेले. अक्कलकोटजवळच्या तिच्या माहेरच्या भिंतीवर चंदनाच्या हाराखाली हाच फोटो होता. त्यानं तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि वाकून बघू लागली.

"हे मैंदर्गीचे मास्तर. गेले," ती म्हणाली. त्यानं बटण दाबलं. "ही शरणम्मा, आईची मैत्रीण. गेली. ह्यांला न्हाय वळकत. हे गेले. हे... हे परवाच गेले की हो."

शाळेत हजेरी घ्यावी तशी ती एकेकाला गेला, गेली म्हणत होती. घाबरून सिद्धरामनं उलटं बटण दाबलं, दाबतच राहिला, आणि शेवटचा फोटो आला. कोट, गंध, निळा पडदा आणि हनुवटी वर केलेला सिद्धराम.

वैजयंतीनं फोटोकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. "दूध ठेवलंय गॅसवर, बघून येते," म्हणाली, आणि बराच वेळ आलीच नाही.

त्या दिवसापासून सिद्धरामच्या तोंडची चव गेली. फोटोंवरच्या तारखा त्यानं कागदावर उतरवल्या. आण्णा फोटोनंतर सात महिन्यांनी गेले होते, मास्तर नवव्या दिवशी. म्हणजे फार तर दिवाळी, नाहीतर येता गुरुवार. त्यानं स्कूटर बंद केली. वांगं सोडलं. ज्या गोळ्यांची बिलं त्यानं वीस वर्षं केली त्यांची माहितीपत्रकं तो आता वाचू लागला, आणि प्रत्येक आजार त्याला झालेला निघाला. कॅमेरा त्यानं स्टीलच्या कपाटात कोंडला. मंगळवारी दुपारी तो जेवायला घरी आला, तेव्हा घरात दुसरं चिटपाखरू नसताना कपाटातून खट्ट असा आवाज आला. तोच आवाज. (स्टीलचं कपाट उन्हानं तापलं की वाजतं, हे त्याला पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्या वेळी ते आठवलं नाही.)

त्याहून भीती वाटली ती वैजयंतीच्या वागण्याची. ती एकाएकी गोड बोलू लागली. सोमवारी शेंगापोळी केली, मंगळवारी पुन्हा केली. आणि पोळीवर तूप वाढता वाढता हळूच विचारलं, "गॅसचं पुस्तक कुणाच्या नावावर हाय हो? आणि तुमच्या मोबाइलचा पॅटर्न काय?"

बुधवारी तो कामावरून आला तर ती देवापुढं बसून रडत होती.

"परत देऊन टाका तो," ती म्हणाली. "मला दोन लाख फोटोंचा चालंल, हळदीचा चालंल. मला तुमी पायजे."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. हे वाक्य सिद्धराम पहिल्यांदा ऐकत होता, आणि त्याचेही डोळे भरून आले. त्यानं दुकानाच्या ग्रुपवर गुरुवारची रजा टाकली आणि सकाळी दोघं अक्कलकोटला निघाली. एसटीत तो खिडकीपासून लांब बसला.

चन्नप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फोटो काढला म्हणून कुणी जात न्हाय हो. जायच्या आधी काढून ठेवतात, इतकंच. म्हातारं माणूस गेलं की घरात फोटो नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतनं मुंडकं कापून आणतात. खांद्यावर परक्याचा हात, मागं आइस्क्रीमचा गाडा. त्यालाच हार. म्हणून हितली शहाणी माणसं धडधाकट हायत तवर येऊन बसतात. पोरांना सांगत न्हाईत, पोरं रडतात."

"पण सगळे गेलेत की," वैजयंती म्हणाली.

"निम्म्याच्या वर हायत. जे गेले त्यांचेच फोटो भिंतीवर आले, तेवढेच तुमी वळकले." त्यानं कॅमेऱ्याचं बटण दाबत सातवा फोटो पुढं आणला. "ही बघा."

निळ्या पडद्यापुढं नागव्वा बसली होती. वैजयंतीची आई, अकरा वर्षांनी तरुण. ती आजही बाजाराला चालत जात होती आणि दोन्ही सुनांना पुरून उरत होती.

"परवाच येऊन भांडली. हिरव्या लुगड्यात नवा काढ म्हणती. मी म्हटलं, एकाचा एकच."

"मग मला कशाला कोट घातला?" सिद्धरामनं विचारलं.

"दुसरी पद्धत मला येत न्हाय," चन्नप्पा म्हणाला.

दोघं मठात जाऊन आली, पोटभर जेवली. कॅमेरा आता परत द्यायचं कारणच उरलं नव्हतं. परतीच्या एसटीत वैजयंती त्याचा तो फोटो सारखी बघत होती. "इतका देखणा तुमी लग्नातबी दिसला न्हाईत," म्हणून तिनं तो मोबाइलमध्ये घेऊन आपल्या स्टेटसला ठेवला. नुकतंच दर्शन झालं होतं, म्हणून खाली लिहिलं, श्री स्वामी समर्थ, आणि जोडलेले दोन हात टाकले. मग फोन पर्समध्ये घालून ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. चार दिवसांची झोप राहिली होती. तिला त्रास नको म्हणून सिद्धराम तासभर हलला नाही.

सोलापूर स्टँडवर उतरून त्यानं खिशातला फोन काढला. दुकानाच्या ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज होते. वैजयंतीचं स्टेटस कुणीतरी तिथं आणून टाकलं होतं आणि त्याखाली सगळे रडत होते. देवमाणूस गेला. कधी आवाज चढवला नाही. असा हिशेबी माणूस पुन्हा होणे नाही. मालकांनी स्वतः लिहिलं होतं, दुकानाचा खांब कोसळला. सिद्धराम तिथंच बाकावर बसून वाचू लागला. आपण इतके चांगले आहोत हे त्याला वीस वर्षांत कुणी कळू दिलं नव्हतं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग जड मनानं टाइप केलं, 'मी जिवंत आहे. उद्या येतो.'

दोन मिनिटांनी देवमाणूस डिलीट झाला. हिशेबी माणूस डिलीट झाला. खांब डिलीट झाला. बघता बघता सगळा ग्रुप पुसला गेला आणि खाली मालकांचा नवा मेसेज आला, 'वेळेवर या.'

जुन्यांपैकी एकच मेसेज शिल्लक राहिला होता, शेजारच्या टेबलावरच्या महेश्वरचा. 'कूलरसमोरची त्यांची खुर्ची मला मिळावी, ही नम्र विनंती.' तो त्यानं डिलीट केला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धराम दुकानात गेला तेव्हा महेश्वर त्या खुर्चीवर बसलेला होता.