उंबऱ्यातले काका

बब्रुवानकाका कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात बसतात. ओसरीवर नाही, बैठकीत नाही, बरोबर चौकटीच्या मधोमध. एक पाय आत, एक बाहेर. मग घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात, कारण उंबऱ्यात बसणं अशुभ. हिरण्यकश्यपूचा निकाल तिथंच लागला होता. कुणी तसं बोलून दाखवलं की काका म्हणतात, "छत डोस्क्यात पडण्यापरीस अशुभ बरं." लग्नात ते मंगल कार्यालयाच्या दारात खुर्ची टाकतात. नवरा-नवरी वळसा घालून जायला लागले की त्यांना हळूच सांगतात, "आत लई वेळ थांबू नका." नव्या संसाराला याहून वाईट आशीर्वाद मी ऐकलेला नाही.

काका माझे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला. मी आमच्या गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. गाव निलंग्याच्या रस्त्यावरचं, आणि वाचनालय निजामाच्या काळातल्या जुन्या कचेरीत. काळ्या दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, उंच खिडक्या, दारावर भली मोठी कमान. काका रोज सकाळी नऊला येतात, कमानीखाली स्टूल टाकतात आणि पेपर मागतात. पेपर आतच बसून वाचावा अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली आहे. तिच्याच खाली ते बसतात.

तसं किल्लारीच्या भूकंपानं आमच्या भागातल्या सगळ्यांनाच थोडंफार कामातून घालवलं आहे. अजूनही कित्येक घरांत फळीवर एका पेल्यावर दुसरा पेला उपडा ठेवलेला असतो. जमीन हलली तर पडून वाजावा म्हणून. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की चांगला बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून छताच्या पंख्याकडे बघतो. मीही बघतो. हिंगोली-नांदेडकडं सौम्य धक्के बसल्याची बातमी छापून आली की आठवडाभर जेवण अंगाला लागत नाही. पण आम्ही निदान चारचौघांत लपवतो. काका लपवत नाहीत.

आणि गंमत अशी, की इतका भ्यालेला माणूस दगडांवर जीव टाकतो. कंधार, औसा, उदगीर, सगळे किल्ले त्यांनी अनेकदा पाहिलेत. पाहिलेत म्हणजे बहुधा दरवाजेच. आमच्या कमानीवरून तर ते रोज हात फिरवतात, गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि विचारतात, "कशी हाय तब्येत?" एकदा मला म्हणाले, "बापू, कमान म्हंजे काय, ठावं हाय का? हरेक दगडाला खाली पडायचं भ्या हाय. मग त्यो शेजारच्याला धरतो. शेजारचा त्याच्या शेजारच्याला. सगळेच भ्यालेले, म्हणून तर इतकी वर्सं उभे हायेत." शाळेत त्यांनी हे शिकवलं असतं तर मी चित्रकलेत काठावर पास झालो नसतो.

साडेअकराच्या सुमाराला शकुंतलाकाकू त्यांचा डबा घेऊन येतात. एका पायानं लंगडतात, काठी टेकत येतात, पण भीती कशी ती त्यांना ठाऊक नाही. सरळ आत जाऊन बरोबर मधल्या तुळईखाली बसतात आणि मासिक उघडतात. काका दारातून म्हणतात, "जरा इकडं सरक." काकू वाचनालयातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर देतात, "धरणी हलली तवा आमचे मास्तर अंगणात अन् मी घरात. आपल्याला बायको हाय, हे त्यांला बाहेर गेल्यावर ध्यानात आलं." लोक हसतात. मीही हसायचो. काका पेपर तोंडासमोर धरायचे.

यंदा उन्हाळ्यात कमानीच्या वरच्या भिंतीला तडा गेला. आमच्या अध्यक्षांना तेच हवं होतं. ही धोंड उतरवून खाली गाळे आणि वर वाचनालय अशी सिमेंटची इमारत बांधायची, हा त्यांचा जुना बेत. तालुक्याहून इंजिनिअर आला. म्हणाला, तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवा. भिंत सरकली तर काच तुटेल. पावसाळाभर काच टिकली तर डागडुजी करू, तुटली तर इमारत उतरवू.

पट्टी काकांनी शिडीवर चढून स्वतः बसवली. त्या दिवसापासून ते पेपर मागायच्या आधी शिडी मागू लागले. खिशात भिंग. वर चढायचे, श्वास रोखून बघायचे, उतरायचे आणि "हाय अजून" म्हणायचे. दार आपटायला बंदी आली. अध्यक्षांनी बुलेट फाटकाबाहेर बंद करून ढकलत आणावी, असं ठरलं. अध्यक्षांनी ते का ऐकलं हे मला आजवर कळलेलं नाही. शिंक आल्यास सभासदांनी अंगणात जावं, अशी पाटी मी रंगवावी असाही आग्रह झाला, पण तिथं मी हात जोडले. हसण्यावारी नेत होतो खरा, पण रोज सकाळी फाटकातून शिरताना माझीही पहिली नजर कमानीवरच्या काचेकडे जायची. ती बोटभर काच गेली की माझं अर्धं आयुष्य जाणार होतं.

भाद्रपदात एके दिवशी, काकू नुकत्याच डबा घेऊन आत येऊन बसल्या होत्या. आधी खिडकीतले पारवे एकदम उडाले. मग फरशीच्या खालून ट्रक जावा तसा आवाज आला आणि कपाटांच्या सगळ्या काचा वाजू लागल्या. मी ग्रंथपाल. वाचकांना आधी बाहेर काढणं माझं काम. मी अंगणात पोचलो तेव्हा माझ्या आधी कुणीही नव्हतं आणि हातात फक्त रबरी शिक्का होता. येताना दारातलं स्टूल मी उडी मारून ओलांडलं होतं. ते रिकामं होतं. काका तर केव्हाच फाटकाबाहेर निसटले असणार, असं मला वाटलं.

धक्का थांबला. अनवाणी वाचक एकमेकांना चाचपत उभे राहिले. त्यांत काका नव्हते.

परत आत जायला कुणी तयार होईना. मीही दारापर्यंतच गेलो. आत छताची माती भुरभुर पडत होती. मधल्या तुळईखाली काका उभे होते. काकूंचं डोकं त्यांनी छातीशी धरलं होतं आणि वरून दोन्ही हातांनी झाकलं होतं. काकूंचा चष्मा वाकडा झाला होता, मासिक हातातच होतं, आणि त्या हलक्या आवाजात म्हणत होत्या, "सोडा की आता. थांबलंय." ते सोडत नव्हते.

बाहेरून, धावत आलेल्या अध्यक्षांचा आवाज आला, "काच शाबूत हाय." त्यांच्या आवाजात आनंद होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"काका, काच शाबूत हाय," मी म्हणालो.

काकांनी मान वर केली नाही. "असू दे. हिला पाणी आण."

डागडुजीचं ठरलं. दुसऱ्या दिवशी काका नऊला हजर, स्टूल कमानीखाली. साडेअकराला काकू आल्या, तुळईखाली बसल्या आणि नेहमीचं काहीच बोलल्या नाहीत. ते मला सहन होईना. मी पेपर परत घ्यायच्या निमित्तानं दारात गेलो. म्हणालो, "काका, आम्हाला इतके दिवस वाटायचं, तुम्ही पळायला सोपं म्हणून हितं बसता."

काकांनी पेपरची घडी केली आणि आत काकूंकडे बघितलं.

"किल्लारीच्या त्या पहाटं पळालोच व्हतो, बापू. मागं वळून बघितलं तर दारच न्हाई, नुसते दगड. लोकांनी हिला दुपारी काढली." त्यांनी कमानीच्या दगडावर हात ठेवला. "तवापासून हितं बसतो. हितून आत जाया दोनच पावलं लागतात."