गोटन अप्पांचा न फुटणारा नंबर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. गणितात बी.एस्सी. झालो तेव्हा पेढे घेऊन शेजारच्या गोटन अप्पांकडे गेलो. अप्पांनी पेढ्याकडे पाहिलंही नाही.

"परीक्षाना नंबर काय व्हता तुन्हा?"

"तीन लाख सत्तेचाळीस हजार तीनशे सत्तेचाळीस."

"अरेरे!" अप्पांचा चेहरा पडला. "तीन आकडा, मंग परत त्याच तीन. सात, अकरा, तेरा, तिन्हीस्ना भाग जास. फुटेल नंबर शे भो!"

मग पेढा खाल्ला. दोन खाल्ले.

अप्पांना माया फक्त मूळ संख्यांची. नंदुरबारच्या मिरची बाजाराजवळ ट्रकच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. तो काटा दहा किलोच्या पटीतच वजन दाखवायचा. शेवटी कायम शून्य. "जनम गया, पन एक बी मूळ वजन देखं नही," म्हणायचे. मग ती भूक गाड्यांच्या पाट्यांवर भागवायची. २०२७ अशा मूळ नंबरच्या एका ट्रकवाल्याला त्यांनी चहा पाजला, वर पाठ थोपटली. आपलं काय चुकलं, हा विचार करतच तो नवापूरपर्यंत गेला असणार.

आता नवापूरला मी शाळेत गणित शिकवतो. पदवी कॉलेजची, पण भागाकाराचा हात अप्पांच्या ओट्यावरचा. तशा संध्याकाळी आता मिळत नाहीत.

गेल्या दिवाळीत घरी गेलो, तर अप्पांच्या मांडीवर जाडजूड वही. पानापानावर एकच दहा आकडी संख्या, दर पानावर नव्या मूळ संख्येनं भागलेली. रनाळे गावी राहणाऱ्या धाकट्या भावाचा, बापूंचा, मोबाईल नंबर! बापूंच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत अप्पांचं नाव मामाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून दोघांचा अबोला.

"हाऊ नंबर फुटना तं मी सोता फोन करसू," अप्पा म्हणाले. "नही फुटना तं नही."

दहा आकडी संख्या मूळ ठरवायची तर लाखापर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. साडेनऊ हजार पानं! अप्पा चारशे तेहेतीसवर पोचले होते.

मी वही चाळली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. आणि एकदम एकोणीस. तिथंच पेन काढून मी सतरानं भागलं. बाकी शून्य.

"अप्पा, सतरा राहिला."

अप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. बराच वेळ पुसला.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "पन त्यानी उचला नही तं?"

मी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बापू," अप्पा घाईघाईत म्हणाले, "तुन्हा नंबरले सतराना भाग जास."

पलीकडून बापूंचा आवाज आला, "माले माहीत शे. सिम लिधं त्याच दिन पाही लिधं व्हतं मी." आणि त्याच दमात, "दादा, तू जेवना का?"

अप्पांनी नुसती मान हलवली. पुन्हा हलवली. शेवटी मीच वाकून फोनमध्ये ओरडलो, "नही जेवनात!"