नवीकोरी जुनी बॅटरी

केल्विन दाढीचा फेस पुसत अंगणात आला, तर त्याचा मेहुणा रसेल केल्विनच्या जुन्या होल्डन गाडीचं बॉनेट आपटून बंद करत होता.

"झालं काम! तुझी बॅटरी बदलून टाकली," रसेल म्हणाला. "कसली सडकी होती रे! नवी माझ्याकडून भेट."

केल्विन फेस पुसायचा थांबला. "आणि... जुनी?"

"भंगारवाल्याला दिली. गेला त्याचा ट्रक मेलबर्नला."

त्या सडक्या बॅटरीवर केल्विनने अख्खा हिवाळा घालवला होता. मूळ बॅटरी केव्हाच मेली होती. पण बरांगलच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात खिळासुद्धा गाडीच्याच वयाचा लागतो. म्हणून त्याने जुनं काळं खोकं पोखरून आत नवी बॅटरी दडवली होती आणि वरून डांबर फासलं होतं. ही लबाडी बायकोलाही ठाऊक नव्हती. शेजारच्या कॉलिनकडे ठाण मांडून बसलेला मेळाव्याचा कप यंदा तरी आपल्या घरी यावा, एवढीच बिचाऱ्याची इच्छा! आता रसेलला शिव्या घालायच्या तरी कोणत्या तोंडाने?

मेळाव्याच्या मैदानावर पोचल्यावर त्याने बॉनेट उघडलं. आत लाल-पिवळी बॅटरी नव्या नवरीसारखी नटून बसली होती. परीक्षक मिसेस पास्को दोनच गाड्या पलीकडे, हातात टॉर्च घेऊन कुणाच्या तरी रेडिएटरखाली वाकल्या होत्या.

"नोलीन, डबा दे!"

"आत्ता? अकरा तरी वाजू देत की!" बायको म्हणाली.

"दे गं बाई!"

त्याने सँडविच उघडून आतलं डांबरासारखं काळंकुट्ट, चिकट व्हेजिमाईट बोटांनी बॅटरीवर थापलं. त्यावर मूठभर धूळ फुंकली.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" नोलीन ओरडली.

"हळू बोल. आलीच ती."

मिसेस पास्कोंनी टॉर्च मारला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. तेवढ्यात एक माशी येऊन बॅटरीवर बसली. मग दुसरी. मग मैदानातल्या सगळ्या माश्यांना जणू आमंत्रण गेलं. केल्विन हॅटने वारा घालत म्हणाला, "यंदा माश्या फारच, नाही?"

बाईंनी बॅटरीवरून बोट फिरवलं, हुंगलं, आणि चक्क जिभेला लावलं. केल्विनने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा त्या कागदावर पूर्ण गुण लिहीत होत्या. इकडेतिकडे बघून त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

"बूटपॉलिश वापरत जा," त्या कुजबुजल्या. "मी माझ्या बॅटरीला तेच लावते. माश्या बसत नाहीत."