जिताड्यासाठी ओठ

"लाकडाच्या माशाला जिताडा लागणार? जिताडा काय खुळा हाय?"

जिते गावच्या आपल्या घरी ओटीवर बसून हैबतरावांनी जावयाला विचारले. जावई म्हणजे दिनानाथ. राहायला रोह्याला, शिफ्टला धाटावच्या एका कंपनीत, आणि उरलेल्या वेळात लाकडाचे मासे तासत बसलेला. वीतभर लांबीचे, पोटाखाली दोन गळ लोंबणारे.

हैबतरावांच्या तळ्यात एक म्हातारा जिताडा मासा होता. बाकीची पिल्ले खाऊन तो आठ-नऊ किलोंचा झाला होता. चोरांनी जाळे टाकू नये म्हणून तळ्यात काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. चोर कधी आले नाहीत, पण आता मालकालाही जाळे टाकता येत नव्हते. आणि पुढच्या रविवारी मुलाच्या होणाऱ्या सासरची माणसे जेवायला येणार होती. घरच्या तळ्यात जिताडा असताना व्याह्यांना बाजारचा मासा वाढायचा, ही कल्पना हैबतरावांना सहन होत नव्हती.

"रविवारी मी काढतो, मामा," दिनानाथ बोलून गेला.

"आणि नाय निघाला तर?"

"तर..."

"तर तुमची ती लाकडाची पेटी आमच्या बंबात. दोन दिवस आंघोळीचं पाणी तापंल."

पेटीत साडेतीन वर्षांचे काम होते.

मासे दोन तयार होते. जोहे गावच्या पुंडलिकने त्यांचे डोळे रंगवले होते. पुंडलिक वर्षभर गणपती रंगवतो, त्यामुळे माशांच्या नजरेत अपार माया उतरली होती. राहिला होता फक्त ओठ. ओठ म्हणजे हनुवटीखालच्या खाचेत बसवायची पातळ, कडक पट्टी, अंगठ्याएवढी. ती पाणी कापते, म्हणून मासा खाली जातो आणि डुलतो. ओठ नसला की ते नुसते तरंगणारे लाकूड.

ओठ पहिला: फाइलचे कव्हर.
कुंडलिका नदीच्या काठावर चाचणी. पाण्यात कव्हर दुमडले आणि मासा पाठीवर पडून, मायेने आभाळाकडे बघत परत आला.

ओठ दुसरा: मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी.
सुरेख पोहला. दगडाला लागला, मोडला. शाळेत बाईंनी मुलीला विचारले, "तुझी पट्टी सातपासून का सुरू होते गो?"

ओठ तिसरा: तेलाच्या डब्याचा पत्रा.
जड. मासा तोंडावर बुडाला. अजून तिथेच आहे.

ओठ चौथा.
बायको सरू हल्ली वाचताना जुना चष्मा लावते. एवढेच.

"वाकवून बघत जा," कंपनीतला काळुराम म्हणाला. "कट् झालं की फेकायचं. वाकून परत सरळ झालं, तर तो खरा ओठ. आपण कामावर लावतो त्या तोंडापुढच्या काचा तशाच हायत बघ."

"गेटवर पिशवी बघतात."

"मग ऱ्हाऊ दे."

शनिवारी दिनानाथ एक मासा आणि शून्य ओठ घेऊन जित्याला उतरला. हैबतराव बाजाराला पेणला गेले होते. घरात सासूबाई कृष्णाबाई तांदूळ निवडत होत्या. दिनानाथ पाणी पीत भिंतीकडे बघत राहिला. फळीवर अकरा मानचिन्हे उभी होती. लाकडी बैठक, तिच्या खाचेत पारदर्शक पट्टी, पट्टीवर लाल अक्षरे. हैबतराव पंधरा वर्षे सोसायटीचे चेअरमन होते.

"मामी, ही कशाची असतात?"

"धुळीची. दर शनवारी पुसते मी."

दिनानाथने त्यांना ओठ समजावून सांगितला. बंबही सांगितला. कृष्णाबाईंनी सूप खाली ठेवले.

"एकच वाकवून बघायची?"

"एकच."

कट्.

"ही वाचनालयाची व्हती," कृष्णाबाई म्हणाल्या. "दुसरी बघा."

कट्. क्रीडा मंडळ. तिसरी दिनानाथने हात लावण्याआधी त्यांनीच घेतली. कट्. सहाव्या पट्टीनंतर त्या वाचेनाशा झाल्या, नुसत्या मोडत गेल्या, शेंगा मोडाव्यात तशा. दहा पट्ट्यांचे तुकडे तांदळाच्या पिपात तळाशी गेले.

उरली मधली, प्लॅस्टिकचा हार घातलेली. तालुक्याची. ती वाकली, जवळजवळ दुमडली, आणि सोडल्यावर सरळ झाली.

दिनानाथने तिच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून माप घेतले.

"ती नाय, जावय."

"मामी, बंब."

कृष्णाबाईंनी करवतीचे पाते आणून दिले. खालचा उजवा कोपरा गेला. हार जरा खाली ओढला, आणि फळीवर चादर टाकली.

"ही चादर कशाला?" संध्याकाळी हैबतरावांनी विचारले.

"पाव्हणं येणार. धूळ बसाया नको."

रविवारी सकाळी व्याही तळ्याच्या काठावर खुर्चीत बसले होते. पाच फेकींत काही नाही. हैबतरावांनी मोठ्याने विचारले, "बंबाला लाकूड वाळलेलं लागतं ना गो?" सहाव्या फेकीला दोरी फांद्यांच्या मधून सरळ खाली गेली, आणि दिनानाथ गुडघाभर चिखलात ओढला गेला. त्याला मागून धरायला दोन माणसे लागली.

जिताडा काठावर आला तेव्हा हैबतराव स्वतः पुढे झाले. त्यांनी त्याचा जबडा उघडला. आत मायाळू डोळ्यांचा मासा होता. त्याच्या हनुवटीखाली, लाल अक्षरांत: "बतराव यांस".

हैबतराव बराच वेळ वाचत राहिले. एवढा वेळ लागावा इतकी अक्षरे तिथे नव्हती.

"काय लिव्हलंय?" व्याह्यांनी विचारले.

हैबतरावांनी जबडा मिटला.

"कंपनीचं नाव हाय," ते म्हणाले. "चांगली कंपनी हाय."

पाहुणे गेल्यावर त्यांनी चादर काढली. अकरा बैठका, त्यांतल्या दहा रिकाम्या. कृष्णाबाई मागे उभ्या होत्या.

"आता पुसाया सोप्पं," त्या म्हणाल्या, आणि पट्ट्या वाकवून बघण्याची सगळी हकिगत सांगून टाकली.

हैबतराव त्या रात्री दोनदा जिताडा मागून जेवले.

महिन्याभराने सोसायटीचा कार्यक्रम झाला. माजी चेअरमन म्हणून हैबतरावांना शाल, नारळ आणि नवे मानचिन्ह मिळाले. पहिल्या रांगेत दिनानाथ खाली मान घालून बसला होता. टाळ्या चालू असतानाच हैबतरावांनी पट्टी बैठकीतून उपसली, दोन्ही हातांत धरली आणि हळूच वाकवली. सूत्रसंचालक बोलायचा थांबला.

पट्टी वाकली. सोडल्यावर सरळ झाली.

हैबतरावांनी ती उजेडात धरून अंगठ्याने लांबी-रुंदी मोजली, आणि पहिल्या रांगेकडे बघून चार बोटे दाखवली.