घाटोळे मॅडमला पोटं ओळखू येतात

आमच्या घाटोळे मॅडमना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही. पोट राहतं. हे मी थट्टेनं लिहीत नाही.

एकदा त्यांच्यासोबत धरमपेठेत पडद्याचं कापड घ्यायला गेले होते. दुकानाचे मालक हात जोडून उठले. म्हणाले, "या मॅडम! ओळखलं का?" मॅडमनी त्यांना टकलापासून चपलेपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही." मालकांचं तोंड उतरलं. "मागच्या वर्षी तुमच्याकडेच तर सोनोग्राफी केली. ते दुमडलेलं पित्ताशय…" मॅडमचा चेहरा एकदम खुलला. "अरे, तुम्ही! दुमडलेलं, आणि पित्ताशयाच्या मानेपाशी खडा! कसा आहे तो?" असं विचारलं, जसं काही त्यांचा मुलगा बारावीला बसला होता. मालक म्हणाले, "ऑपरेशन करून काढून टाकलं सगळं." परत येताना रस्ताभर मॅडम हळहळत होत्या. "काढलं म्हणे. चांगला गोल खडा होता."

मी धंतोलीत त्यांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मावशी आहे. पेशंटला आत आणायचं, चादर बदलायची, पोटावरचं जेल पुसायला कागद द्यायचा, दार लोटून घ्यायचं. आतली खोली अंधारी असते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, आणि अंधारात कोणी बोलायला लावत नाही, म्हणून हे काम मला मानवलं. तिथं मॅडमच बोलतात. पेशंटशी नाही, त्याच्या पोटाशी.

लिव्हरला त्या 'अहो' म्हणतात. "अहो, जरा खाली या. हं, असे." पित्ताशयाला 'अरे' म्हणतात. स्वादुपिंडाशी मात्र त्यांचं जुनं भांडण आहे. ते पोटात पार मागे असतं, गॅसच्या आड दडून बसतं. मग मॅडम हिंदीत ओरडतात, "निकल बाहर, कामचोर!" एकदा काटोलकडचे एक म्हातारे गृहस्थ हे ऐकून खरंच उठले आणि सदरा हातात घेऊन बाहेर जाऊन बसले. त्यांना समजावून परत आणायला मला फार कष्ट पडले.

उपाशीपोटी या, असं फोनवर सांगितलेलं असतं. तरी लोक रस्त्यात खातातच. मॅडम पोटावर मशीन ठेवतात आणि म्हणतात, "तर्री पोहे." पेशंट म्हणतो, "नाही हो मॅडम, फक्त चहा." "मग चहात पोहे पडले असतील. जा, उद्या या."

आणि त्यांचा एक नियम आहे. पेशंटला काही सांगायचं नाही. "रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना मिळेल," एवढंच. पेशंटकडे त्या पाहतही नाहीत. समोरच्या भिंतीवर त्यांनी पोटातलं चित्र दाखवणारा आणखी एक पडदा लावून घेतला आहे, म्हणजे पेशंट तिकडे पाहत राहतो, त्यांच्या तोंडाकडे नाही. पेशंट लोक डॉक्टरचं तोंड वाचतात, असं त्यांचं म्हणणं.

पण तोंड झाकलं तरी आवाज राहतोच. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. सगळं ठीक असलं की मॅडम खेकसतात. "श्वास घ्या! धरा! धरा म्हटलं ना, सोडला कशाला?" आणि काही वाईट दिसलं की त्यांचा आवाज मऊ होतो. "घ्या श्वास… हं, सावकाश… छान." पेशंट बाहेर जाऊन सांगतो, डॉक्टरीण फार प्रेमळ आहे. मी तेव्हा कोपऱ्यात चादरीची घडी घालत असते आणि मान वर करत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ आला. दादाचा नरखेडकडे संत्र्या-मोसंबीचा बगीचा आहे. बगीच्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे जवळ बसलेल्या माणसाशीही तो तसाच बोलतो. तिकडे कशासाठी तरी त्याची साधी सोनोग्राफी झाली आणि लिव्हरमध्ये एक गाठ दिसली. कॅन्सर आहे की साधी, ते कळेना. सीटी स्कॅनचं रंगाचं औषध द्यायचं तर दादाची किडनी कमजोर. म्हणून इथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला आमच्याकडे पाठवलं, बुडबुड्यांच्या सोनोग्राफीला. वाईट निघाली तर पोट फाडून लिव्हरचा तुकडा काढावा लागेल, असं त्याला सांगितलं होतं. तो आणि वहिनी सकाळच्या एसटीनं आले. वहिनी बाहेर बाकावर बसली, तोंडाला पदर लावून.

बुडबुड्यांची सोनोग्राफी म्हणजे आमचं सेंटरमधलं नाव. दुधासारखं दिसणारं औषध असतं. सिस्टर ते हाताच्या शिरेतून देते. त्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे असतात, ते रक्तासोबत लिव्हरमध्ये जातात आणि पडद्यावर चमकतात. मॅडम शिकायला येणाऱ्या मुलींना समजावतात, ते ऐकून ऐकून मला एवढं माहीत आहे: त्या साधी म्हणतात ती गाठ काठाकाठानं हळूहळू उजळते आणि उजळलेलीच राहते. वाईट गाठ बहुधा पटकन उजळते, आणि मग भोवतीचं लिव्हर पांढरं असताना ती एकटीच काळी पडत जाते. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

दादाला आत झोपवलं. सिस्टरच्या हातातली सुई पाहून तो म्हणाला, "हे दूध काहाचं व्हय?"

"दूध नाही भाऊ, औषध आहे," मॅडम म्हणाल्या. "यात गॅसचे बुडबुडे असतात."

"मंग ते मायातून निंगतीन कुठून?"

"श्वासातून."

"कांते, पाह्य वं," दादा म्हणाला, "तुया भाऊ सोड्याची बाटली झाला."

सिस्टर हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी साधी सोनोग्राफी करून गाठ पाहिली, पुष्कळ वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, "श्वास घ्या भाऊ… सावकाश… हं."

तो आवाज मऊ होता.

सिस्टरनं औषध दिलं. भिंतीवरच्या पडद्यावर आधी सगळं काळं होतं, मग लिव्हर उजळायला लागलं. त्यात ती गाठ काळीच होती. मग तिच्या काठाला एक पांढरा ठिपका आला, मग दुसरा. दादा डोळे फाडून पाहत होता. पांढरं होणं चांगलं की वाईट, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या बगीच्यात फळावर पांढरा डाग आला की ते फळ गेलं. त्यानं तेच धरलं.

"चढली," तो म्हणाला. "पांढरी चढून राहिली, कांते. गेलं काम."

"बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

"आता नाही बोलू तं कवा बोलू, बाई?" आणि दादानं तिथंच, पोटावर मशीन असताना, वाटण्या करायला घेतल्या. "ऐक कांते. इहिरीजवळचा संत्रा मोठ्याले. खालची मोसंबी लहान्याले, त्याच्या हातानं पाणी बराबर जाते. मोटरसायकल जावयाले देजो नोको, तो पाडते."

"दादा, चूप राय ना," मी म्हणाले.

"गाय तू घेऊन जा."

"धंतोलीत गाय कुठी बांधू मी?"

"बांधजो कुठी बी. दूध चांगलं देते ते." पडद्यावर ठिपके आत आत सरकत होते. "शेजारच्या भगवानले माया रेडिओ देजो. तो रोज आयकाले येते. सालगड्याले माया कोट. अन् बहिणींपैकी कोनाले काई रायलं तं…" त्यानं बोटांवर नावं मोजली. मावस, चुलत, सगळी. मग आवाज खाली आणला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा दादाचा आवाज खाली आला. "अन् तुया वहिनीले सांगजो. भाजीत मीठ नाही, मीठ नाही, म्हणून मी कटकट करत होतो ना. मीठ राहे. ते मी उगाच म्हनो."

मी पडद्याकडे पाहत होते. गाठ जवळजवळ पूर्ण पांढरी झाली होती. आता ती काळी पडायला लागली की संपलं. मला वाटे, तो कडेचा भाग जरा मळकट झाला का? पुन्हा पाहिलं की पांढरा दिसे. मॅडम मशीन एकाच जागी धरून होत्या. मध्येच त्या मशीन उचलत, थांबत, पुन्हा ठेवत. दादाची नावं संपत नव्हती. गावच्या शाळेला दोन झाडं देऊन झाली होती आणि तो देवळाकडे वळला होता.

"चूप बसा हो!" मॅडम अशा ओरडल्या की सिस्टरच्या हातातला ट्रे वाजला. "काय लावलंय केव्हाचं! पोट हलतंय सगळं! श्वास धरा! धरा म्हटलं ना!"

मला रडू आलं. दादानं माझं रडणं पाहिलं आणि त्याचीही खात्री पटली. त्यानं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी मशीन बाजूला ठेवलं. नेहमी त्या इथं म्हणतात, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना मिळेल. त्या दिवशी त्यांनी तो नियम मोडला. पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, "भाऊ, कॅन्सर नाही. रक्ताच्या नळ्यांचा गुच्छ आहे, जन्मापासूनचा असेल. पांढरा झाला आणि पांढराच राहिला, हे चांगलं असतं. कापायचं काम नाही. उठा."

दादा उठला नाही. पडूनच छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पक्कं?"

"पक्कं."

"मंग आता हे समदं वापस घ्या लागते का?"

"ते तुमचं तुम्ही पाहा."

"मोटरसायकलचं मी जे बोललो ते जावयाले सांगजो नोको, कांते. अन् मिठाचं बी सांगजो नोको." पोट पुसता पुसता त्यानं हे दोनदा बजावलं. बाहेर गेला, आणि दाराआडून त्याचा पहिलाच आवाज आला, "काहून रडून राहिली वं? चाल, मले भूक लागली." वहिनी त्याच्यावर जोरात ओरडली, आणि बाकावरचे पेशंट हसायला लागले.

मी चादर बदलायला आत वळले. सिस्टर ट्रे घेऊन गेली होती, मॅडमनी दिवा लावला नव्हता. खुर्चीवर तशाच बसल्या होत्या.

"कांताबाई," त्या म्हणाल्या, "किती जणांना वाटून दिलं हो तुमच्या दादांनी?"

"पुष्कळ."

"रेडिओसुद्धा."

"त्याचं तसंच आहे, मॅडम."

"ते बोलत होते ना, तेव्हा मीही मनात माझं वाटून पाहिलं. मला पडद्याकडेच लक्ष द्यायचं होतं, पण झालं तसं. हे मशीन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला. पुस्तकं कॉलेजला. मग घर आलं, आणि तिथं अडले." त्यांनी मशीनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "त्यांचं अजून गाईपर्यंतही आलं नव्हतं, आणि माझं संपलं होतं."

मी उशीचा अभ्रा काढत राहिले.

"एक नाव आलं मनात," त्या म्हणाल्या. "पण अर्धंच आलं. इतकी वर्षं झाली. तुमचं आडनाव काय हो?"

आडनाव विचारणारे मला खूप भेटले आहेत. ते कशासाठी विचारतात हेही मला कळतं, आणि विचारलं की मी ऐकलंच नाही असं करते. तेव्हा तसं केलं नाही.

"सोमकुवर," मी सांगितलं.

"कांता सोमकुवर," त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, "दार लावून घ्या. थोडा वेळ कोणाला पाठवू नका."

मी दार लावलं. आतून लावलं, आणि स्टूल ओढून बसले.